प्रवेश मिळाला नाही

माझी मुलगी म्हणते, "बाबा, यू आर शाउटिंग अगेन." मी ओरडत नसतो, बोलत असतो, पण सांडपाण्याच्या बोगद्याचा विषय निघाला की माझा आवाज चढतो हे खरं आहे. परवा दुबईत आमच्या इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटवर पाहुणे आले होते. त्यातले एक गृहस्थ चहाचा कप हातात धरून कौतुकाने म्हणाले, "काय इंजिनिअरिंग आहे बघा! जमिनीखाली एवढं काम चाललंय आणि वर कुणाला पत्तासुद्धा नाही." माझं डोकंच फिरलं. वर पत्ता लागू नये म्हणून ज्यांना पगार मिळतो, त्यांतलाच मी एक होतो. काही बोलणार इतक्यात बायकोने डोळे वटारले, आणि मी बिस्किटाची बशी पुढे केली. तेव्हा जे गिळलं ते इथे लिहितो.

मी सर्व्हेअर आहे. बोगदा खणायला घेण्याआधी त्याच्या वाटेवर, वर जमिनीवर जेवढ्या इमारती उभ्या असतात, त्या प्रत्येकीत जाऊन भिंतींचे फोटो काढायचे, हे तेव्हा माझं काम होतं. कुठे भेग आहे, किती लांब, किती रुंद, ते पट्टी लावून मोजायचं, फॉर्म भरायचा, राहणाऱ्याची सही घ्यायची. पुढे बोगद्यामुळे जमीन खचली आणि नवी भेग पडली, तर जुना फोटो दाखवून माणसाला म्हणता येतं, ही आधी नव्हती, भरून द्या. जुना फोटोच नसेल तर काय? तर ती भेग आधीपासूनचीच होती, असं कंपनी म्हणते. तुम्ही कितीही बोंबला.

दुबईच्या अल क्वोज भागात एका बाजूला विला आहेत आणि दुसऱ्या बाजूला गोदामं, गॅरेज, कामगारांचे कॅम्प. बोगदा दोन्हींच्या खालून जाणार होता. विलांमध्ये आम्ही बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून जायचो. एका विलात बाथरूमच्या टाइलवर केसाएवढी रेघ होती, तिचे मी सात फोटो काढले. मालकाने आठवा काढायला लावला. माझी तक्रार नाही, त्याचं घर होतं. पण त्या एका विलात आमचा अख्खा दिवस गेला, आणि यादीत अजून तेरा विला आणि एक कॅम्प शिल्लक होता.

त्या कॅम्पच्या मागच्या अंगाला मामांची मेस होती. मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत. गुहागरकडचे, साठीला टेकलेले, कॅम्पमधली झाडून सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. दुबईतलं माझं पहिलं वर्ष मी त्याच कॅम्पमध्ये काढलं. तेव्हा मी सर्व्हेअर नव्हतो, सर्व्हेअरच्या मागून तिपाई उचलत फिरणारा हेल्पर होतो. पहिल्या महिन्यात तापाने फणफणलो, तेव्हा मामांनी पेज करून खोलीवर आणून दिली होती. फॅमिली आणल्यावर मी कॅम्प सोडला, पण अल क्वोजमध्ये काम असलं की जेवायला तिथेच.

त्या दिवशी कॅमेरा, पट्टी, फॉर्म, सगळं घेऊन मी मेसमध्येच गेलो होतो. मामांनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. "आधी जेव, मग काय ते फोटोबिटो काढ," ते म्हणाले. मी जेवलो. भात दोनदा घेतला. हात धुवत होतो तेवढ्यात आमच्या साहेबांचा फोन आला. साहेब पुण्याचे, हुशार माणूस, बोलणं एकदम गोड.

"कुठे आहेस?"

"कॅम्पमध्ये, सर. मेसपासून सुरू करतोय."

"अरे, ते सोड. लेबर अकोमोडेशन म्हणजे टेम्पररी स्ट्रक्चर आहे. नो ॲक्सेस टाक आणि विला कम्प्लीट कर. क्लायंट डोक्यावर बसलाय. यल्ला, आटप."

नो ॲक्सेस, म्हणजे प्रवेश मिळाला नाही. या शेऱ्यालाही नियम आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन दार उघडलं नाही, तरच तो लिहायचा आणि तिन्ही तारखा टाकायच्या. मी गाडीत बसलो, मांडीवर फॉर्म घेतला आणि तीन तारखा लिहिल्या. दोन मनाच्या. तिसरी त्याच दिवसाची. खाली सही ठोकली. मला तेव्हा काहीही वाटलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळेच म्हणतात की मन खात होतं. माझं मन काही खात नव्हतं. पोट भरलं होतं आणि मला झोप येत होती.

मग कॅम्पशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बोगद्यात उतरण्यासाठी मोठी गोल विहीर खणायला घेतली. इथली वाळू थोडी उकरली की पाणी लागतं. विहीर कोरडी राहावी म्हणून पंप चोवीस तास ते पाणी उपसत राहिले. वाळूतलं पाणी गेलं की वाळू बसते, आणि तिच्यावर जे उभं असेल तेही बसतं. हे कळायला डिग्री लागत नाही.

तीन महिन्यांनी मामांचा फोन आला. मेसच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भेग निघून तिरकी जमिनीपर्यंत गेली होती. बोटाचं पेर आत जात होतं. आमच्या कंपनीची तपासणी झाली होती आणि कॅम्प सांभाळणाऱ्या कॅम्पबॉसच्या हातात कागद पडला होता: भेग जुनी आहे, मेसमध्ये भांडी धुण्याचं पाणी भिंतीत मुरतं म्हणून पडली आहे, भिंत धोकादायक आहे, पंधरा दिवसांत मेस रिकामी करा. मेस बंद म्हणजे परवाना रद्द, आणि मामांचा व्हिसा त्या परवान्यावर. या वयात त्यांना दुसरं कोण ठेवणार होतं?

मी बघायला गेलो. मामा भिंतीशी उभे होते. अंगावर नेहमीचा बनियन, खांद्यावर पंचा. चिडलेले वगैरे नव्हते, उलट खुशीत होते.

"मी कॅम्पबॉसला बोललो, हबीबी, टेन्शन नको. आमचा माणूस आहे कंपनीत. भेग नव्हती तेव्हाच येऊन फोटो काढून गेलाय. काय रे? तू आला होतास की नाही कॅमेरा घेऊन?"

"आलो होतो," मी म्हणालो.

"मग दाखव की फोटो. इन्शाल्ला एका दिवसात खलास करून टाकू."

"ऑफिसमध्ये बघतो," मी म्हणालो, आणि पाणीसुद्धा न पिता निघालो.

साहेबांचा राग येत होता. बोगद्याचा, पंपांचा, त्या आठव्या फोटोचा राग येत होता. साहेब पूर्वी डोंगरात वीजप्रकल्पाच्या बोगद्यावर होते. तिथला एक किस्सा ते आम्हाला लंचला हसत हसत सांगायचे. बोगदा पुढे सरकला तसे वरच्या गावातले झरे आटले. गावकरी भांडायला आले, तर यांनी विचारलं, "आधी पाणी किती होतं, त्याचं रेकॉर्ड आहे का?" गावाकडे कसलं रेकॉर्ड! बायका हंडे भरत होत्या, एवढंच रेकॉर्ड. मीही त्या किश्श्याला सगळ्यांबरोबर हसलो होतो. आता भिंतीतली भेग पाहून आल्यावर तो किस्सा आठवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

खरं सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मी पळवाट शोधली. मेसची ती भिंत मामांनी पिवळी रंगवलेली आहे. खिडकीतून उजेड बरा येतो, मागे पलंग, दोरीवरचे कपडे, गॅस सिलिंडर असलं काही दिसत नाही. त्यामुळे कॅम्पमधल्या ज्याला कुणाला लग्नासाठी गावी फोटो पाठवायचा असतो, तो इस्त्रीचा शर्ट घालून त्याच भिंतीशी उभा राहतो. खेड, संगमेश्वर, राजापूर, कुठे कुठे ती भिंत मोबाइलमधून पोचली असेल देव जाणे. मी मामांना म्हटलं, सगळ्यांकडून फोटो मागवा. दोन दिवसांत एकवीस फोटो जमले. एकवीस नवरदेव, छाती फुगवून, आणि प्रत्येकाच्या खांद्यामागे खिडकीचा तो कोपरा अगदी धड. मामांनी तिथे खिळ्याला मराठी कॅलेंडर टांगलं होतं. फोटोंत महिना स्पष्ट वाचता येत होता, पंप सुरू व्हायच्या आधीचा. यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे?

मी ते सगळे फोटो छापून साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी दोन-तीन चाळले, एकाच्या गॉगलला हसले.

"हे रेकॉर्ड नाही रे. हे सेल्फी आहेत. रेकॉर्ड म्हणजे फॉर्म." त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. "फॉर्म काय म्हणतो? थ्री ॲटेम्प्ट्स, नो ॲक्सेस. आम्ही तीनदा गेलो, त्यांनी दार उघडलं नाही. सही कोणाची आहे?"

"तुम्हीच लिहायला सांगितलं होतं, सर."

"मी फोनवर काय बोललो ते कुठे लिहिलंय?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "जा, चहा घे."

त्या संध्याकाळी मी मेसमध्ये गेलो. मामा कांदा चिरत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की फोटो नाहीत, मी काढलेच नाहीत, आणि तुम्ही दार उघडलं नाही असं लिहून मी सही केली.

मामांची सुरी थांबली.

"कुठल्या दिवशी?"

"तिखलं होतं त्या दिवशी."

त्यांनी सुरी खाली ठेवली. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे तुम्ही इथे बसून जेवलात," ते म्हणाले, "आणि लिहिलंत की दार बंद होतं."

इतकी वर्षं मी त्यांना 'तू' होतो. त्यांनी सुरी उचलली आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला. मीच निघालो.

घरी आलो आणि कंपनीच्या नावाने पत्र लिहिलं. अमुक तारखेला मला मेसमध्ये पूर्ण प्रवेश मिळाला होता, मी तिथे जेवलो, भिंत पाहिली, भेग नव्हती, फॉर्मवरचा शेरा आणि दोन तारखा खोट्या आहेत. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "नोकरी जाईल." मी म्हणालो, "जाऊ दे." ती म्हणाली, "शाळेची फी कोण, तुझे मामा भरणार?" मग आम्ही कडाक्याचं भांडलो. सकाळी मात्र तिनेच ते पत्र पाकिटात घालून माझ्या डब्याशेजारी ठेवलं होतं.

साहेबांनी पत्र वाचलं आणि पहिल्यांदा त्यांचा तोल गेला. दार लावून घेतलं. "अक्कल आहे का? तुझा एक फॉर्म खोटा निघाला की तुझे सगळे फॉर्म खोटे! उद्या प्रत्येक विलावाला उभा राहील!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मामांच्या भिंतीसाठी साहेबांच्या काळजाला काही झालं नसतं. पण विलांचं नाव निघाल्याबरोबर घाम फुटला. तासाभराने त्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि सौदा पुढे ठेवला. मेसचा पाया कंपनी भक्कम करून देईल, भिंत दुरुस्त करेल, भिंत सुरक्षित असल्याचं पत्र कॅम्पबॉसला देईल, मेस चालू राहील. गुडविल म्हणून. भेग आमच्यामुळे पडली असं कुठेही लिहिलं जाणार नाही, माझा फॉर्म आहे तसा फाइलमध्ये राहील, आणि मी पत्र मागे घ्यायचं.

मी ते पत्र मागे घेतलं. तिथल्या तिथे. आजही तो सौदा समोर आला तर मी घेईन, कारण मामांना व्हिसा पाहिजे होता, माझं प्रायश्चित्त नको होतं. पण म्हणून राग जातो असं नाही. जी माणसं पंधरा दिवसांत मेस रिकामी करायला निघाली होती, त्यांनी आठ दिवसांत भिंत उभी केली. म्हणजे करता येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं.

भिंत झाल्यावर महिनाभर मी तिकडे फिरकलो नाही. मग मामांचाच निरोप आला, शुक्रवारी दुपारी जेवायला या. गेलो. भिंतीला नवा पिवळा रंग होता, खिळा पुन्हा ठोकला होता, कॅलेंडर टांगलं होतं. मामांनी मला त्या भिंतीला पाठ करून बसवलं. पुढ्यात बांगड्याचं तिखलं आणि भात आला. आजूबाजूला पोरं जेवत होती. मी पहिला घास कालवला तेवढ्यात मामा पंच्याला हात पुसत समोर येऊन उभे राहिले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"वर बघा," ते म्हणाले.

मी वर बघितलं. त्यांनी फोटो काढला, डोळ्यांजवळ नेऊन नीट तपासला, पसंत पडला नसावा, म्हणून आणखी एक काढला.

"कशाला मामा?" मी विचारलं.

"असू दे आमच्याकडे," ते म्हणाले. "तुम्ही आत आला होतात, त्याचा फोटो."

मग त्यांनी वाटी पुढे केली आणि माझ्या भातावर आणखी तिखलं वाढलं.