आधी गुडघे, मग ग्लव्ह

ताईंच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती, पण त्यांच्या वेळचे खेळाडू अजूनही पाठीमागे त्यांना 'खिडकी' म्हणत. खिडकी, म्हणजे बॉल आरपार!

बावीस वर्षांपूर्वी सॉफ्टबॉलच्या अंतिम सामन्यात ताई कॅचर होत्या, फटका मारणारीच्या मागे बसून बॉल अडवणाऱ्या. शेवटचा डाव, तिसऱ्या बेसवर समोरच्यांची धावपटू. ताईंनी बोटांच्या इशाऱ्याने सरळ बॉल मागितला. पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, त्यांची जिवलग मैत्रीण. तिने स्वतःच्या मस्तीत खाली बुडणारा टाकला. बॉल मातीत आपटून ताईंच्या गुडघ्यांमधून निसटला, धावपटूने धाव पुरी केली आणि सामना हातचा गेला. "तिने मागितला तोच मी टाकला," पिचरने छातीठोकपणे सांगितलं. इशारे दोघींनाच ठाऊक, साक्ष काढणार कुणाची? ताईंना त्यानंतर संघात कुणी घेतलं नाही.

आता त्या कपड्यांच्या दुकानात मापं कमीजास्त करून देत आणि सकाळी मुलींना बॉल थोपवायला शिकवत. "पकडायला जाऊ नकोस, अडव! आधी ग्लव्ह मातीत, मग गुडघे, हनुवटी छातीला. तोंड फिरवणारीने घरी जावं." त्यांच्या हाताखालच्या कॅचरकडून बॉल सुटत नसे. असल्या कामाला चीड लागते, आणि ताईंकडे ती मुबलक होती.

एका सकाळी तीच पिचर लेकीला घेऊन आली. "अगं, किती वर्षांनी! हिला कॅचरच व्हायचंय. तुझ्याशिवाय कोण शिकवणार?" हसत होती. बाईला काही आठवतच नव्हतं! ताईंच्या अंगाची लाहीलाही झाली. "पाठव," त्या म्हणाल्या.

बाकीच्या मुली गेल्यावर त्या हिला एकटीला शिकवत. "आधी गुडघे, मग ग्लव्ह." एवढीच अदलाबदल. ग्लव्ह पोचायच्या आत बॉल मधून पार. ताई स्वतः हळू बॉल टाकत, म्हणून सरावात सगळं ठीक वाटे. आई कडेला उभी राहून कौतुकाने बघायची. पिचरच ती, तिला कॅचरच्या गुडघ्यांतलं काय कळणार! पोर मात्र गुणी होती. दंड काळेनिळे झाले तरी हूं की चूं नाही. ताईंना ते आवडलं नाही. मुलगी आगाऊ असती तर काम सोपं झालं असतं.

निवड चाचणीच्या पहिल्या फेरीत तीन बॉल तिच्या गुडघ्यांमधून गेले. आई ताडकन उठली आणि बॉल टाकणाऱ्या मुलीवर खेकसली, "ती मागते काय, तू टाकतेस काय? तुझ्या मस्तीपायी बिचाऱ्या कॅचरचं नाव खराब!"

ताईंना हे शब्द ऐकायला बावीस वर्षं लागली होती. ते अमृतासारखे गोड लागले. खोटं कशाला बोला, त्या मनातल्या मनात नाचल्या.

तेवढ्यात तिची लेक तोंडावरचा मास्क काढून ताईंकडे आली. गाल मातीने माखलेले. "ताई, तिची चूक नाही. माझेच गुडघे हळू पडतात. उद्या मला शंभर बॉल टाका, पण शिकवणं सोडू नका."

ताईंच्या तोंडची चव गेली. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीही स्वतःच्याच गुडघ्यांना दोष देत कित्येक महिने सराव केला होता. दुसऱ्या फेरीला दहा मिनिटं होती. आई पाण्याची बाटली घेऊन जवळ आली होती.

ताईंनी मुलीला खाली बसवलं, तिचा ग्लव्ह धरून मातीत दाबला. "हा आधी. गुडघे नंतर. मी तुला उलटं शिकवलं."

"चुकून?"

"मुद्दाम."

आईच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिने ताईंकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आठवलं होतं तर!

"पण का, ताई?" मुलीचे डोळे भरले. "मी काय केलं होतं तुमचं?"

"तू काही नाही," ताई उठत म्हणाल्या. "आईला विचार."