भिंतीपलीकडची भाकरी

चार माणसं वर्षानुवर्षं एका पंगतीला बसली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. शर्टाच्या बाहीवर रश्शाचे डाग पडतात तसे ते आपोआप पडतात, आणि धुतले तरी जात नाहीत!

आमची पंगत सोलापुरात, ऑफिसमागच्या बोळातल्या अक्काच्या खानावळीत बसायची. मी, हेडक्लार्क कुलकर्णी भाऊसाहेब, जीपचे ड्रायव्हर बशीरभाई आणि आवक-जावक बघणारा सिद्रामप्पा. पदार्थ ठरलेला : शेंगाभाजी. म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाचा, लसूण आणि काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची आणि बोलणं बंद करायचं.

वाढायची अक्का. भाकरी थापायची तिची धाकटी बहीण महादेवी, भिंतीपलीकडं. ऐन तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून ती बहिणीकडंच होती. भिंतीत एक लहान खिडकी होती. तिच्यातून भाकरी घेऊन एक हात यायचा आणि परत जायचा. चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता.

आणि सिद्रामप्पाचा सगळा जीव त्या खिडकीत अडकला होता. वय चाळिशीचं, लग्न राहून गेलेलं. आम्हा तिघांना हे ठाऊक होतं. अक्कालाही असावं. भिंतीपलीकडं ठाऊक आहे की नाही, तेवढंच कळत नव्हतं.

* * *

अक्काकडं एक रीत होती. भाकरीचा तुकडा वाटीवर ठेवला म्हणजे 'बास'. तोंडानं 'नको' म्हणणाऱ्याला ती जुमानायची नाही.

रत्नागिरीहून नवे साहेब बदलून आले. आम्ही त्यांना मोठ्या हौसेनं घेऊन गेलो. रस्सा वाफाळत होता. तो गार होऊ नये म्हणून साहेबांनी भाकरीनं वाटी नीट झाकून ठेवली! अक्का रश्शाचं भांडं घेऊन दोनदा त्यांच्यापुढून गेली, थांबली नाही. साहेब बिचारे बघत राहिले. शेवटी माझ्या कानाशी म्हणाले, "बाईंना माझा काही राग आलाय का?"

तिकडं अक्का भाऊसाहेबांना सांगत होती, "सायेब लई कमी खात्यात. तब्येत बरी न्हाय का त्यांची?"

* * *

एकदा पुण्याचे ऑडिटर आले. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी. रुमाल काढत म्हणाले, "बाई, यात थोडी साखर घालता येईल का?"

सगळ्या पंगतीचे हात थांबले.

"साखर च्यात घालत्यात," अक्का म्हणाली. "च्या पल्याडच्या हाटेलात मिळतो."

बशीरभाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. "साब, रोते रोते खाना. तबीच मजा आता!"

* * *

भाऊसाहेबांना डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलं. आठवडाभर ते घरच्या डब्यातलं मुगाचं वरण बघून उसासे टाकत होते. मग एका दुपारी गुपचूप आमच्यासोबत आले. पहिला घास उचलला आणि समोर नजर गेली. समोरच्या पाटावर डॉक्टर! बाह्या वर सरकवून भाकरी कुस्करत होते.

भाऊसाहेबांचा घास हवेतच राहिला.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "दवाखान्यात मी डॉक्टर," ते म्हणाले. "हितं मीपण पेशंटच. खावा मुकाट्यानं!"

* * *

सिद्रामप्पाला थापण्याच्या आवाजावरून आतलं हवामान कळायचं. "आज हात जड पडतोय. डोकं दुखत असंल तिचं," असं काहीबाही तो पुटपुटायचा. आम्ही हसायचो. एकदा बशीरभाईंनी अक्काला विचारलंच.

"व्हय, सकाळधरनं दुखतंय की. पर तुमाला कुनी सांगितलं?"

सिद्रामप्पा कानापर्यंत लाल!

बशीरभाई म्हणाले, "अक्का, ये आदमी रेडिओ लगाके बैठता इधर!"

* * *

मग दुष्काळ पडला. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची तांबडी ज्वारी आली. तिची भाकरी थापतानाच तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. एक गिऱ्हाईक खेकसलं, "ही भाकरी हाय का खापर?"

पलीकडची थापणी बंद पडली.

सिद्रामप्पा चारचौघांत कधी तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी खिडकीकडं बघत मोठ्यानं म्हणाला, "तुटली तर काय झालं? कुस्करायचे कष्ट वाचले की!"

थोड्या वेळानं थापणी सुरू झाली. हात बाहेर आला तो भाकरीवर शेंगाची चटणी घेऊन. आमची चार ताटं होती आणि चटणी एकाच भाकरीवर. ती कुणाला वाढायची, हे अक्कानं विचारलं नाही.

* * *

पाऊसपाणी सुधारल्यावर सिद्रामप्पाची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, केमला बदली झाली. ऑर्डर आली त्या दुपारी तो भाकरी नुसतीच कुस्करत बसला. शेवटी त्यानं अक्काला हळूच म्हटलं, "अक्का, तिला जरा इचारता का?"

"मी कशाला? भिंत केवढीशी हाय. तुमीच इचारा की!"

खानावळ गच्च भरलेली. सिद्रामप्पा खरकट्या हातानंच उठला आणि खिडकीपुढं जाऊन उभा राहिला.

"माझी केमला बदली झाली. तितं घर करनार हाय," तो म्हणाला. "लग्न करून येता का माझ्यासंगं?"

थापणी थांबली. कुणी भुरका मारेना. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही तो आवाज ऐकला.

"केमला ज्वारी कसली मिळती?"

सिद्रामप्पा गर्रकन वळला! त्यानं आमच्याकडं बघितलं. आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली, रेल्वेनं केम गाठलं आणि संध्याकाळी पिशवीभर ज्वारी घेऊन स्टेशनवरून थेट खानावळीत आला. आम्ही तिघं आधीच येऊन बसलो होतो. त्यानं पिशवी खिडकीत ठेवली. हातानं ती आत ओढून घेतली. दाताखाली दाणा फुटल्याचा आवाज आला. मग आणखी एक. सिद्रामप्पा घाम पुसत उभा होता.

"अक्का," आतून आवाज आला, "त्यास्नी सांग, घर बघताना चुलीपाशी उजेड हाय का बघा म्हनावं. हितं लई अंधार हाय."