डोकं नसलेली सावली

ओबुलम्मा शाळेच्या चुलीवर माझ्या हाताखाली आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला सांगितलं, बाई, तुझ्या हाताला चव आहे, पण डोकं ठिकाणावर नाही. रोज सकाळी प्रार्थनेला घंटा झाली की ही हातातला तांदूळ टाकून दारात जायची, लेकीला, सुवर्णाला, हाक मारायची आणि आधी जमिनीकडे बघायची, मग पोरीच्या तोंडाकडे. जमिनीवर पोरीची सावली, सावलीला डोकं. दिसलं की म्हणायची, "जा." ढग असले की त्या दिवशी हिच्या पोटात अन्न जायचं नाही.

सावलीला डोकं नसेल तर माणसाचे दिवस भरले, हे आमच्या अनंतपूरकडे जुन्या बायका सांगतातच. मीही ऐकलंय. म्हणून काय रोज तपासायचं? मी खूप बोलायचे तिला. नवरा गेलेली बाई, एकच पोर, धास्ती घेतलीय, एवढंच मला वाटायचं.

त्या ऑगस्टात रामांजनेयुलु सरांना ग्रहांचं वेड लागलं. माझा सांबाराचा भोपळा उचलून नेला. म्हणे हा सूर्य. ज्वारीचा एक दाणा घेऊन चाळीस पावलं लांब फाटकापाशी ठेवला, ही पृथ्वी. "आणि तो दाणा जरा कलून भोपळ्याभोवती वर्षभर फिरतो, हनुमक्का." मी म्हटलं, "फिरू दे, भोपळा तेवढा अकराच्या आत परत करा."

तेरा तारखेला ऊन लख्ख होतं. सरांनी बासष्ट पोरं जेवणाआधीच झेंड्याच्या खांबाभोवती उभी केली. आम्ही दोघी चुलीपाशी. त्या वेळी आम्ही कधी बाहेर नसतो, पण भात झाला तरी पोरं येईनात, म्हणून ओबुलम्मा डाव घेऊनच बघायला गेली.

डाव पडल्याचा आवाज मी ऐकला. मग ही सुवर्णाला दंडाला धरून फरफटत आत घेऊन आली, मलाच बाहेर ढकललं आणि आतून कडी लावली. पोरगी रडत होती. सर धावत आले.

"ओबुलम्मा, दार उघड. काय झालं?"

"नाही उघडणार. तिच्या सावलीला डोकं नाही."

"अगं, आज कुणाच्याच..."

"माझ्या नवऱ्याच्याही नव्हतं." आतून आवाज आला. "याच खांबाला रंग देत होता गंगण्णा. पंधरा ऑगस्टच्या झेंड्याला दोन दिवस होते. मी भाकरी घेऊन आले, बघितलं, डोकं नाही. मला कळलं होतं, सर. पण तो हसेल म्हणून बोलले नाही. भाकरी खाऊ घातली आणि शेंगांच्या खुरपणीला पाठवलं. संध्याकाळी साप. मी पाठवलं त्याला. पोरीला नाही पाठवणार."

सहा वर्षं माझ्या शेजारी बसून ही बाई कांदे चिरत होती आणि हे मला ठाऊक नव्हतं. आणि मी हिला वेडी म्हणत होते. लाज वाटली मला.

सर दाराशी खाली बसले. "ऐक. सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, असे आपल्या गावाला वर्षातून दोनच दिवस. एक उन्हाळ्यात, तेव्हा शाळा बंद आणि उन्हात कुणी फिरकत नाही. दुसरा आत्ता, झेंड्याच्या आधी, आणि बहुतेक वेळा ढगात जातो. बारा पंचवीसला डोक्याची सावली खांद्यांतच पडते. दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही. पृथ्वी कललेली आहे म्हणून होतं, बाई. मरणाचा काही संबंध नाही."

"शिकलेले लोक काहीही म्हणतात," ती आतून म्हणाली.

मला काय सुचलं देव जाणे, मी दारापुढच्या ओट्यावरून उन्हात उतरले आणि पायाशी बघितलं. काळा गोळा. त्यात डोकं कुठेच नाही. सर एवढं सांगत होते तरी मी ओट्याचा खांब धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात माझ्या तीन सुनांना दागिने वाटून टाकले.

"सर," मी म्हटलं, "माझंही नाही."

आत रडणं थांबलं. मग सुवर्णाचा आवाज आला, "अम्मा, मी बाहेर सगळ्यांची बघितली होती. सरांचीपण. कुणालाच नव्हतं. तू फक्त माझीच बघितलीस."

कडी निघायला फार वेळ लागला. ती पोरीला पदराखाली धरून ओट्यापर्यंत आली. बाकीची एकसष्ट पोरं उन्हात उभी होती, आणि एकेकाच्या पायाशी तसाच गोळा. ती एकेक बघत गेली. पार शेवटच्या ओळीपर्यंत. मग ओट्यावरून उतरून स्वतःच्या पायाशी बघितलं आणि तिथेच खाली बसली.

"सर, त्या दिवशी मीही इथेच उभी होते ना? त्याच्या शेजारी."

"हो."

"म्हणजे तेव्हा माझ्याही सावलीला डोकं नसणार," ती म्हणाली. "मी फक्त त्याचीच बघितली."