ठसका न्हाई लागला

मॅडम आमच्या वरच्या खोलीत वर्षभर राहनार हुती, दोनच महिने राहिली, आन त्याला कारन मी हाय. हे कुनाला सांगितलेलं न्हाई, माझ्या मालकांना बी न्हाई. लिहिताना काय चुकलं तर माफ करा, आठवीतनंच शाळा सुटली माझी.

आमचं गाव कोल्हारजवळ. गावातल्या इंग्लिश शाळेत ती इंग्लंडवरनं आली. तिकडं कॉलेज झालं की अशी पोरं-पोरी दुसऱ्या देशात जाऊन वर्षभर शिकवायच्या कामात मदत करतात म्हनं. ती पुरी शिकवनारी बाई न्हवती, वर्गावर बाई येगळ्या हुत्या, ही नुसती पोरांकडून बोलून घ्यायची, ओठ कसे करायचे, जीभ कुठं ठेवायची ते दाखवायची. शाळेच्या सरांनी सासऱ्यांना खोली मागितली, कारन खोली नवी आन बाथरूम आतच. सगळे तिला मॅडम म्हनायचे, मी बी. ती मला वहिनी म्हनायची, शेजारची पोरं म्हनतात म्हनून. खरं तर वयानं माझ्यापेक्षा मोठीच.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हनते, पहिल्याच दिवशी तिच्यासमोर म्हनल्या, "आईबापानं लगीन करायचं सोडून हिला इतक्या लांब पोरं बोलती करायला धाडली. आमची कारटी गप बसत न्हाईत, त्यांना आनखी काय बोलायला शिकवती."

मॅडमला काय कळलं न्हाई. ती हसली, मग आत्याबाई बी हसल्या, आन ताटात दुसरी भाकरी वाढली.

शाळेतनं आली की ती जिन्यावर बसून उद्याच्या वर्गासाठी चित्रं कापायची. माझी पोरगी तवा सात महिन्यांची. तिला मांडीवर घ्यायची आन कात्री माझ्या हातात द्यायची. मी कापता कापता म्हनायची कांदा, ती त्याचं इंग्लिश सांगायची, मी पुन्हा म्हनायची, ती मान डोलवायची. स्वयंपाकाला उशीर व्हायचा, आत्याबाई आतनं हाका मारायच्या, तरी मी एक चित्र, आनखी एक चित्र करत बसायची. आठवीनंतर पहिल्यांदाच कुनीतरी मला कायतरी शिकवत हुतं.

एकदा दुपारी ती म्हनली, बांगड्या घ्यायच्या, चला. आत्याबाईंना इचारून पोरीला घेऊन आमी कोल्हारला गेलो. लई ऊन. रसवंतीवर बसलो. "बर्फ नको," मॅडम अगदी चोख मराठीत म्हनली, तो मानूस बघतच राहिला. मी मात्र बर्फ घालून दोन गिलास प्याले. आत्याबाईंनी बजावलं हुतं, लेकरू अंगावर पितंय तवर थंड तोंडाला लावायचं न्हाई. घरी मी सांगितलंच न्हाई.

तिसऱ्या दिवशी पोरीला सर्दी झाली, मग ताप. दूध ओढंना, रात्रंदिवस नुसती रडायची. आत्याबाई म्हनल्या, "काय खाल्लंस गं तू? थंड प्यालीस का कुठं?"

"न्हाई वो," मी म्हनले.

"मग नजर हाय. ती गोरी दिवसभर लेकराच्या तोंडाकडं बघत बसती. सुंदर सुंदर करती, एकदा तरी थू थू करती का?"

मला वाटलं, सुटले.

तिन्हीसांजेला दृष्ट काढायचं ठरलं. ज्याची नजर लागली असंल त्याच्या पायाखालची माती लागती. मॅडम शाळेतनं आली, दारात चपला काढून वर गेली. तिच्या चपलेखालची चिमूटभर माती मी पदराच्या टोकात घेतली. वर ती कायतरी गुनगुनत हुती.

मीठ, मोहऱ्या, सात लाल मिरच्या आन ती माती. आत्याबाई पोरीला घेऊन बसल्या, मी ओवाळलं, आन कुनाशी न बोलता मागच्या चुलीत नेऊन टाकलं. आमच्यात असं मानतात की नजर असली तर मिरच्या कितीबी जळू द्या, ठसका लागत न्हाई. ठसका लागला तर नजर न्हाई.

वारा मागच्या बाजूला हुता, धूर घरात गेला न्हाई, सगळा माझ्यावर आला. लागला. असा लागला की छाती फुटंल वाटलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, भिंतीला टेकून श्वास धरून उभी राहिले. मला एवढंच दिसत हुतं, की मी खोकले तर आत्याबाई पुन्हा इचारतील काय प्यालीस, आन मग लेकराला मीच आजारी पाडलं असं सगळं घर म्हननार.

आतनं आवाज आला, "ठसका लागला का गं?"

पदर काढला आन म्हनले, "न्हाई, आत्याबाई."

"डोळ्याला पानी कशाचं मग?" आत आल्यावर त्या म्हनल्या.

"काळजीनं."

त्यांनी माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. तो हात मला अजून बोचतो.

सकाळी त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, ती बाई घरात नको. सासरे साधे मानूस, त्यांनी सरांना कळवलं की लेक बाळंतपनाला येनार हाय, खोली लागती. माझ्या ननंदेचं तर अजून लगीन बी ठरलं न्हवतं. त्याच दिवशी आमी पोरीला डॉक्टरकडं नेलं. कान आतनं पिकला हुता, सर्दीनं हुतं असं म्हनले. औषधानं चार दिवसांत पोरगी हसायला लागली. आत्याबाई म्हनल्या, दृष्ट काढली म्हनून गुन आला.

मॅडमनं बॅग भरली. शाळेतच एका खोलीत तिची सोय केली हुती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून तिनं हळू इचारलं, "वहिनी, मला शाळेत सर्दी होती. माझी सर्दी बाळाला लागली? माझी चूक आहे?"

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या. मी खाली बघितलं. न्हाई एवढा एक शब्द म्हनायचा हुता, तो बी तोंडातनं काढला न्हाई.

"सॉरी," ती म्हनली. मला.

नंतर शेजारनीकडनं कळलं, ती आता कुनाचंच तान्हं लेकरू घेत न्हाई. बायका पुढं करतात, ती हात मागं घेती, लांबनंच बोलती. ते ऐकून मला जेवान गेलं न्हाई. दुसऱ्या दिवशी दळनाचं निमित्त करून पोरीला काखेत मारून मी शाळेत गेले. मधली सुट्टी हुती, मॅडम पटांगनात पोरांमधी उभी हुती. मला बघून पळत आली, पोरीपासनं दोन हात लांब थांबली.

मी एका दमात सगळं बोलले. बर्फ, रस, माती, मिरच्या, ठसका, तुमची चूक न्हाई, मी खोटं बोलले. धापा टाकत बोलले, रडत बोलले, पोरं भोवती जमा झाली. ती माझ्या ओठांकडं बघत हुती, वर्गात पोरांच्या ओठांकडं बघायची तशी, पन तिला काय उमगलं न्हाई. कपाळाला आठ्या घालून ती म्हनली, "वहिनी, परत सांगा. हळू. मी समजते."

हळू सांगायचं म्हंजी एकेक शब्द येगळा करून सांगायचा, आन प्रत्येक शब्दाला तिच्या तोंडाकडं बघायचं. दोन पोरं आमच्याच गल्लीतली हुती, कान टवकारून उभी. मघाचं रडन्यात त्यांना बी कळलं नसंल, हळू सांगितलं तर घरी जाऊन आत्याबाईंना सांगतील. मी तोंड उघडलं.

"काय न्हाई," मी म्हनले. "बाळ बरं हाय, एवढंच."

"छान," ती म्हनली. लई खूश झाली. घंटा झाली आन ती पोरांना घेऊन आत गेली.