राखसरांचा प्रबंध

राखसरांच्या नखांच्या कडा कायम करड्या असायच्या. शर्ट इस्त्रीचा, भांग सरळ, पण खडू धरलेली बोटं चूल सारवून उठल्यासारखी. शहापूरजवळच्या आमच्या डिप्लोमा कॉलेजात ते काँक्रीट शिकवायचे आणि उरलेल्या वेळात भाताच्या तुसाची राख करायचे. मुरबाडकडच्या गिरण्यांतून पोत्यांनी तूस आणायचं, लॅबच्या मागे पत्र्याच्या पिंपात जाळायचं, राख चाळायची आणि काँक्रीटमधलं थोडं सिमेंट कमी करून त्या जागी ती मिसळायची. हा त्यांच्या एम.टेक.चा प्रबंध होता. 'राखसर' हे नाव मुलांनी ठेवलं होतं आणि ते त्यांच्या कानावर गेलं होतं. 'चुकीचं नाय काय त्यात,' एवढंच म्हणाले.

एम.टेक. ते नोकरी सांभाळून करत होते. लेखी पेपर पहिल्या दोन वर्षांत सुटले. राहिला तो प्रबंध. मार्गदर्शक निवृत्त झाले, नवे मिळेपर्यंत वर्ष गेलं. नव्यांनी विषय सोपा करा म्हणून सुचवलं, ते यांना पटेना. दरम्यान त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा एम.टेक. होऊन आला आणि त्यांचा विभागप्रमुख झाला. सर त्याला पहिल्या दिवसापासून 'सर' म्हणायला लागले. त्यालाच ते ऐकवायचं नाही.

लॉकडाऊनमध्ये कॉलेजला कुलूप लागलं तेव्हा त्यांचे काँक्रीटचे ठोकळे लॅबच्या टाकीत पाण्याखाली होते. ठोकळे ठरलेले दिवस पाण्यात राहिले तरच त्यांची ताकद मोजण्यात अर्थ असतो. दार उघडलं तेव्हा टाकी कोरडी होती, तळाला कुठेतरी चीर गेली होती. दोन वर्षांचं काम वाया गेलं. सर एकेक ठोकळा उचलून बाहेर आणून ठेवत होते. आम्ही मुलं दारातून बघत होतो. 'त्यांचा काय दोष,' ते म्हणाले. 'पाणीच नाय मिळालं त्यांना.' दुसऱ्या आठवड्यात पिंप पुन्हा पेटलं.

'अट कुणाकडून ऐकायची नसते, वाचायची असते,' हे त्यांचं आवडतं वाक्य. मी उंबरमाळीची. डिप्लोमानंतर पदवीला गेले, आणि शेवटच्या वर्षाला असताना एका मैत्रिणीने सांगितलं की निकाल हातात आल्याशिवाय एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा देता येत नाही. मी विषय सोडून दिला. सरांना कळल्यावर त्यांनी बोलावून घेतलं, माहितीपुस्तिका पुढे ठेवली आणि ओळीखाली पट्टी धरून मला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. 'बघ,' ते म्हणाले, 'मैत्रिणीच्या भरवशावर आयुष्य घालवत होतीस.' पुढे सहा महिने दर रविवारी ते आपल्या गावाहून, वैशाखऱ्याहून, माझ्यासाठी कॉलेजात यायचे. रविवारी लॅब उघडी ठेवायची परवानगी त्यांनी स्वतःच्या प्रबंधाचं कारण सांगून काढली होती.

मला परराज्यातल्या मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला. निघताना म्हणाले, 'कुठली विचारलं तर शहापूर सांग गो. उंबरमाळी सांगितलंस तर नकाशाच काढून दाखवायला लागेल.'

दोन वर्षांत मी एम.टेक. झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा ते टाकीपाशी उकिडवे बसले होते. मला पाहून उठले, हात पुसले आणि म्हणाले, 'या मॅडम.' मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि मी बसेपर्यंत स्वतः उभेच राहिले. 

मी पुण्यात नोकरीला लागले. एके दिवशी त्यांची मेल आली. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती आणि प्रबंध लिहून झाला होता. 'चौथं प्रकरण तेवढं बघ. चुकलं असेल तर चुकलं म्हण. इथे मला कुणी चुकलं म्हणत नाही. घाई नाही.'

घाई नाही, हे मी अक्षरशः धरलं. कामं होती, साइटवर जावं लागत होतं. मी लिहिलं, पुढच्या रविवारी नक्की, सर. त्यांचं उत्तर आलं, 'चालेल.' त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा 'चालेल.' असे पाच रविवार गेले. सहाव्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. सर वर्गात शिकवता शिकवता खुर्चीत बसले, मुलांना म्हणाले, 'जरा थांबतो,' आणि रुग्णालयात पोचेपर्यंत गेले होते.

ते प्रकरण मी वैशाखऱ्याला जाताना एसटीत, मोबाइलवर वाचलं. वाचायला पाऊण तास लागला. एका तक्त्याचा क्रमांक चुकला होता. बाकी कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

सरांच्या पुण्यानुमोदनाची वंदना आणि श्रद्धांजली झाल्यावर काकींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला आत बोलावलं. मुदत संपत आली म्हणून सरांनी छापून बांधून घेतलेल्या प्रती कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. 'पूर्ण झालं होतं ना त्यांचं? मग आपण देऊन येऊ.'

आम्ही दोघी विद्यापीठात गेलो. तिथले कारकून भले होते. त्यांनी नियमावली काढली, ते पान दोनदा वाचलं, मग पुस्तक आमच्याकडे फिरवलं. प्रबंधानंतर तोंडी परीक्षा असते आणि तिला उमेदवाराने स्वतः हजर राहावं लागतं. 'यात दुसरी वाट असती तर मीच सांगितली असती, ताई,' ते म्हणाले. काकींनी प्रतींवरून हात फिरवला. 'मग हे परत न्यायचं?' त्यांनी मला विचारलं.  मी प्रती उचलल्या.

वैशाखऱ्याला परत आलो तेव्हा सरांचे वडील बाहेर ओट्यावर वाट बघत होते. जन्मभर भातशेती केलेला, ऐंशीच्या घरातला माणूस.  कापडातली पुस्तकं पाहून त्यांना कळलं.

'काय लिव्हलंय त्यानं एवढं?' ते म्हणाले. 'आमाला सांग गो. आमी कवा इचारलंच नाय.'

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या पानापासून सांगायला लागले. तूस कसं जाळलं, किती जाळलं की राख बिघडते, ठोकळे किती दिवस पाण्यात ठेवले, मशीनमध्ये दाबल्यावर कुठला कधी फुटला. काकी दाराला टेकून ऐकत होत्या. म्हातारबाबा मधे मधे थांबवून विचारायचे.

'मंजे राख घातली की शिमेट कमी लागतं?'

'हो.'

'आनि टिकतं?'

'टिकतं, बाबा.'

त्यांनी बसल्या जागी ओट्यावर हात आपटला. 'हा ओटा त्यानंच घातलाय. त्याच राखेचा. सात पावसाळं झालं.'

मला हे ठाऊक नव्हतं. प्रबंधात ओट्याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. 'सरांनी हे लिहिलं का नाही?' मी विचारलं.

'मी बोल्लो त्याला, आपला ओटा घाल की पुस्तकात. तर बोलतो, बाबा, एका ओट्यावरनं काय सिद्ध होत नाय.'

 रस्त्यावरून माळशेज घाटाकडे जाणारी एसटी गेली. मग म्हातारबाबा माझ्याकडे वळले.

'तू तीच परीक्षा पास झालीस ना? मग तू सांग. झाला का तो पास?'

मी मान डोलावली. अंधार पडत आला होता, त्यांना आता नीट दिसत नव्हतं.

'तोंडानं बोल,' ते म्हणाले.

'झाले, बाबा,' मी म्हणाले. 'पास झाले.'

काकी दारातून आत निघून गेल्या.