काळं म्हणजे हवा

आमच्या कारखान्यात प्लास्टिकचे भाग न कापता आतून बघायचं सीटी स्कॅनचं मशीन आहे. ते मी चालवते. पडद्यावर प्लास्टिक करडं दिसतं आणि आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तो काळा. काळं दिसलं की भाग बाद. तो दळायचा, वितळवायचा, पुन्हा साच्यात घालायचा.

काल जेवणाच्या सुट्टीत साच्यावर काम करणारे शिंदेकाका आले. हातात मोठं पाकीट, त्यात बायकोच्या छातीच्या स्कॅनची फिल्म. डॉक्टरांची वेळ सोमवारची होती.

"मॅडम, तुम्ही रोज हेच बघता. जरा बघून सांगा."

"काका, मला फक्त प्लास्टिकचं कळतं."

त्यांनी ऐकलं नाही. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "केवढं काळं आहे हो!"

काळं म्हणजे खोट, हे इतकी वर्षं मीच त्यांना सांगत आले होते. घाईघाईने म्हटलं, "अहो, ती हवा आहे. काकूंचा श्वास आहे तो. माणसात ती असायलाच हवी."

आम्ही ज्या हवेमुळे भाग बाद करतो, तिच्यावरच माणूस जगतो, हे मलाही बोलता बोलताच जाणवलं. काकांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं तुम्हाला विचारलं," म्हणत त्यांनी फिल्म अलगद पाकिटात सरकवली.

त्या काळ्यात एका कडेला वाटाण्याएवढा पांढरा ठिपका होता. माणसातल्या पांढऱ्याचं मला काही कळत नाही. काकांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

मग दुपारभर मी पडद्यावर काळे ठिपके शोधत राहिले. तेवढंच मला येतं.