अक्कांचं इकडं-तिकडं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या विमानतळाबाहेर टॅक्सी लावून सवारीची वाट बघत होतो. त्यांचे धाकटे भाऊ सुभाषअण्णा बोलत होते. कधी पोचशील, म्हणून त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या दुपारपर्यंत अण्णा, तीन तास इकडं-तिकडं." तोवर धीरानं बोलणारे अण्णा एकदम हुंदके देऊन रडायला लागले... कारण ते बोलणं माझं नव्हतंच, अक्कांचं होतं. पुढं मला रजाही मिळाली नाही. म्हणून हे लिहितोय. सातवीत शाळा सोडलेल्या माणसानं लिहावं का, ही धास्ती आहेच. चुकलं तर ते माझं समजा, अक्कांचं नव्हे.

अक्का कलबुर्गीच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. शाळा सुटून मी आमच्या दोघांच्या गावी, राजेश्वरला, नुसता फिरत होतो, तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या गाडीवर चालवायला शिकवलं, वय झाल्यावर लायसन काढून दिलं आणि मागच्या सीटवरून इंग्रजीही शिकवलं. आज घर चालतंय ते त्याच्यावर. त्यांचा जीव मात्र धूमकेतूंत. हजारो वर्षांतून एकदा सूर्याजवळ येणारे जे असतात, ते कुठून आले आणि कुठं जाणार हे त्या काढायच्या. मला ते गाणगापूरला समजलं. देवळाच्या दारात पौर्णिमेची गर्दी होती. अक्का म्हणाल्या, "तो पिवळ्या पटक्याचा माणूस बघ. गर्दी त्याला ढकलायली, म्हणून तो डावीकडं जायलाय. तेवढंच बघून त्याचं गाव सांगशील?" गर्दीत शिरायच्या आधीची वाट वेगळी काढायची, बाहेर पडल्यानंतरची वेगळी. धूमकेतूची गर्दी म्हणजे गुरू, शनी, सगळे ग्रह. प्रत्येकाची ओढ हिशेबात धरून कॉम्प्युटरवर त्याला मागं न्यायचं, मग पुढं. आणि उत्तर आलं की चूक किती असू शकते तेही सांगायचं. त्याशिवाय उत्तर अर्धं, असं त्या म्हणायच्या. भात शिजायलासुद्धा त्यांचा वेळ "पाच मिनिटं इकडं-तिकडं" असायचा.

एकदाच त्या हे विसरल्या. निंबर्ग्याजवळच्या एका शाळेत मुलांना धूमकेतू दाखवायला आम्ही संध्याकाळी गेलो होतो. हा परत येणार का, हे मुलं विचारून विचारून थकली, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, येणार का न्हाई, तेवढंच सांगा." अक्का हसून म्हणाल्या, येणार. दुसऱ्या आठवड्यात शाळेच्या भिंतीवर शेपटीवाला तारा रंगवला गेला आणि खाली अक्षरं आली : हा पाहुणा पुन्हा येणार.

पुढं दोन वर्षं त्या त्याच धूमकेतूच्या मागं होत्या. येतानाची वाट पक्की निघाली. आपल्याच सूर्यमालेच्या पार लांबच्या काठावरून तो आला होता. जातानाची ठरेना. सूर्याजवळ त्याच्या बर्फाच्या वाफा सुटल्या आणि त्या वाफांनीच त्याला ढकललं. तो परत येईल किंवा कायमचा जाईल, दोन्ही शक्यता त्या इकडं-तिकडंच्या पट्ट्यात बसत होत्या. तोवर अक्कांचं दुखणं बळावलं होतं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, अण्णा रागावले. मी मस्कतहून सुट्टीवर गावी आलो होतो. अक्का गाडीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल दत्तू. ती भिंत खोटं बोलायलीय."

शाळेत हेडमास्तर ओशाळले. एवढ्यासाठी आजारपणात कशाला आलात म्हणाले. भात शिजवणाऱ्या काशीबाई चुलीपासूनच बोलल्या, "कामून जीव काढायलाव, अक्का? त्यो येईस्तवर आमी काय वाट बघत बसलाव व्हय?" अक्कासुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "तुमी नका बसू. पण माझं नाव सांगून पोरं ते खरं समजतेत." त्यांनी मुलांना बसवून सगळं पुन्हा सांगितलं, कुठं चुकले तेही. ब्रश त्यांनी माझ्या हाती दिला. "येणार" पुसून त्यांनी सांगितलं तसं लिहिलं : येईलही, नाहीही येणार; आम्ही हिशेब करतोय. परतताना त्या मागच्या सीटवर गाढ झोपल्या... मी गाडी हळू चालवली.

इथं सवारी विचारते, किती वेळ? मी सांगतो, अर्धा तास, दहा मिनिटं इकडं-तिकडं. काहीजण चिडतात. परवा आईचा फोन होता. "येणार का न्हाई, तेवढंच सांग," ती म्हणाली. येणार, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "दिवाळीला, आई. महिनाभर इकडं-तिकडं."

आई म्हणाली, "अक्कावानी बोलायलास."